टाकून देणे, घालवून बसणे, बोलून जाणे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



वार्षिक संमेलनात पाहुण्याने मोठ्या विषयावर बोलावे अशी आपल्याकडे रीत आहे. मी मात्र आज अगदी लहान विषय घेतला आहे. इंग्रजीतील दोन शब्दांची एक जोडी, 'थ्रो अवे', एवढाच तो विषय. पाचवी-सहावीच्या मुलालाही याचा अर्थ ठाऊक असतो. विचारले तर तो लगेच सांगेल, 'फेकून देणे'. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. आणि ते कुठे अपुरे पडते हे पाहू लागलो की आपल्या घरातल्या भाषेबद्दल आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाबद्दल काही गोष्टी आपोआप समोर येतात. म्हणून आपला थोडा वेळ घेतो.

प्रथम तीन वाक्ये पाहू. पहिले : 'थ्रो अवे दॅट ओल्ड पेपर.' दुसरे : 'ही थ्रू अवे अ गुड चान्स.' तिसरे : 'इट वॉज ओन्ली अ थ्रोअवे रिमार्क.' तिन्ही ठिकाणी शब्द तेच आहेत. आता शब्दकोशातील एकच अर्थ घेऊन भाषांतर करा. 'तो जुना कागद फेकून दे' हे ठीक झाले. 'त्याने चांगली संधी फेकून दिली' हे ऐकायला चालते, पण त्यातून संधी त्याने जाणूनबुजून झिडकारली असे वाटते. मूळ वाक्यात बहुधा तसे नसते. त्यात हळहळ असते. आणि 'ती फक्त फेकून दिलेली टिप्पणी होती' हे तर मराठीच नव्हे.

मग अर्थ कसा ओळखायचा? याची किल्ली क्रियापदात शोधू नका, कर्मात शोधा. काय फेकले जात आहे ते आधी पाहा. कागद, फाटकी चप्पल, नासलेले अन्न अशी निरुपयोगी वस्तू असेल तर अर्थ साधा आहे : टाकून देणे. संधी, पैसा, आयुष्य, हातात आलेला सामना अशी मोलाची गोष्ट असेल तर अर्थ होतो व्यर्थ घालवणे. क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. फलंदाजाने 'विकेट थ्रो अवे केली' म्हणजे त्याने यष्ट्या उपटून मैदानाबाहेर भिरकावल्या असे कोणी समजत नाही. आणि जे फेकले ते बोलणे असेल, तर अर्थ होतो सहज, जाता जाता, फारसा जोर न देता म्हटलेले. रंगभूमीवरचा नट कधी कधी एखादे वाक्य मुद्दामच हलके, दुर्लक्षित केल्यासारखे म्हणतो. त्यालाही ते वाक्य 'थ्रो अवे' केले असे म्हणतात. पत्ते खेळणारे नको असलेले पान टाकतात, तेथेही हीच जोडी वापरतात.

आता खरी गंमत पाहा. इंग्रजीने तीन अर्थांना एकच जोडी वापरली. मराठीने काय केले? मराठीने मुख्य क्रियापदाच्या मागे दुसरे लहानसे क्रियापद लावून हे तीन अर्थ वेगवेगळे केले. कागद आपण टाकून 'देतो'. संधी आपण घालवून 'बसतो'. आणि एखादा शब्द सहज बोलून 'जातो'. देणे, बसणे, जाणे! यातील 'बसणे' म्हणजे खुर्चीवर बसणे नव्हे. 'पैसे घालवून बसला', 'नाव गमावून बसला', 'वर्ष दवडून बसला' या सगळ्या 'बसला'मध्ये पस्तावा आहे. 'बोलून गेला' यातील 'गेला' म्हणजे कुठे गावाला गेला असे नव्हे. बोलणाऱ्याच्या ध्यानात येण्याआधीच शब्द निसटला, एवढे ते सांगते. तेच 'बोलून टाकले' म्हणा, की अर्थ पालटला. मनातले ओझे उतरवले, एकदाचे सांगून मोकळा झाला, असा तो अर्थ.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते त्यांनी आता आपल्या घरचे शब्द आठवावेत. कागद 'फेंक देना'. मौका 'गँवा बैठना'. बात 'कह जाना'. देना, बैठना, जाना! मराठीत जी तीन लहान क्रियापदे, तीच तीन उर्दूतही. 'मारून टाकले' आणि 'मार डाला', 'सांगून टाकले' आणि 'कह डाला', यांचेही तसेच. म्हणजे 'थ्रो अवे'चे जे तीन अर्थ शिकवताना इंग्रजीचे शिक्षक घामाघूम होतात, त्या अर्थांतला फरक आपल्या मुलाला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच कळत असतो. दादीने शिकवलेला असतो, शेजारच्या काकूंनी शिकवलेला असतो. त्याला फक्त एवढेच सांगायचे राहिलेले असते की, बाळ, इंग्रजी जे काम शब्दामागे एक लहान शब्द लावून करते, तेच काम तू रोज शब्दामागे एक लहान क्रियापद लावून करतोस.

इंग्रजीतील अशा जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. परक्यांना त्या अवघड जातात ही गोष्ट इंग्रजांनाही ठाऊक होती. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश छापला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी कबूल केले आहे की, क्रियापदाला लहान शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वांत जास्त अडवते. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही येथे अडखळलात तर तुमची बुद्धी कमी आहे असे मुळीच समजू नका. ती वाट सर्वांनाच खडकाळ आहे.

वाटेवरचे एकदोन खडक दाखवून ठेवतो. 'थ्रो अवे द पेपर' आणि 'थ्रो द पेपर अवे' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पण 'पेपर'ऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसवावे लागते : 'थ्रो इट अवे'. 'थ्रो अवे इट' हे चूक. दुसरी गोष्ट, मागचा लहान शब्द बदलला की घरच बदलते. 'थ्रो आउट' म्हणजे बाहेर काढणे. न्यायालयाने दावा फेटाळला तरी तेथे 'थ्रो आउट' येते. 'थ्रो अप' म्हणजे उलटी होणे. 'थ्रो ऑफ' म्हणजे अंगावरचे पांघरूण किंवा अंगात मुरलेली सर्दी झटकून टाकणे. 'थ्रो इन' म्हणजे दुकानदाराने मालावर काही फुकट वर घालणे. हे पाठ करण्याच्या याद्या करू नका. प्रत्येक जोडी तिच्या कर्मासह, एका पूर्ण वाक्यात वहीत उतरवा आणि शेजारी घरच्या भाषेतले वाक्य लिहा. शब्दाला शब्द नको, वाक्याला वाक्य लिहा.

आता आपल्या 'टाकणे' या शब्दाकडे वळू, कारण तोही इंग्रजीइतकाच बहुरूपी आहे. आपण चुलीवर चहा टाकतो, पेटीत पत्र टाकतो, एखाद्यावर विश्वास टाकतो, कोणासाठी शब्द टाकतो. साप कात टाकतो. पाऊस लांबला की पीक मान टाकते. मूल दूध टाकते. जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते. महाराष्ट्राने या शेवटच्या 'टाकण्या'विरुद्ध २०१६ साली कायदाच केला. नवऱ्याने नांदवायचे सोडलेल्या बाईला गावात 'टाकलेली' म्हणतात. माणसाला आणि वस्तूला एकच शब्द लावण्याची ही क्रूर चाल आपल्या भाषेत आहे, हे आपण मान्य केले पाहिजे.

पण मला आज मुख्यतः दोन वाक्यांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. जून महिन्यात आई अभिमानाने सांगते, 'पोरीला शाळेत टाकलं.' आणि काही वर्षांनी त्याच घरात ऐकू येते, 'पोरीला शाळेतून काढून टाकलं.' दोन्ही वाक्यांत 'टाकलं' आहे. पहिल्यात त्याचा अर्थ ठेवणे, सोपवणे, पेरणे असा आहे. शेतात बी टाकावे तसे. दुसऱ्यात त्याचा अर्थ आपण सुरुवातीला पाहिलेल्या जुन्या कागदासारखा आहे. पालकहो, भाषेचा अभ्यास आपल्याला हे शिकवतो की क्रियापदाचा अर्थ कर्मावरून ठरतो. मुलगी हे कर्म असेल तर दुसरे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले, तरी व्यवहाराने शुद्ध नाही.

इंग्रजी वर्तमानपत्रांत बाजारभावाच्या बातम्यांत 'थ्रोअवे प्राइस' असा शब्द येतो. टोमॅटो, कांदा यांची आवक वाढली आणि शेतकऱ्याला उत्पादनाचा खर्चही निघेना, म्हणजे तो भाव. मराठीत आपण त्याला 'कवडीमोल' म्हणतो. कवडी एके काळी चलन होते, सर्वांत हलके चलन. म्हणून जिला किंमत नाही ती वस्तू कवडीमोल. पण आपल्याच जिल्ह्यात तुळजापूरला तीच कवडी माळेत ओवलेली पाहा. भवानीच्या भक्तांच्या गळ्यात ती मानाने असते. बाजारात जिला मोल नाही तिला तेथे मान आहे. तेव्हा एखादी वस्तू टाकाऊ आहे की नाही, हे त्या वस्तूत लिहिलेले नसते. ती कोणाच्या हातात आहे, त्यावर ते ठरते.

याचा याहून मोठा दाखला आपल्या तेर गावी आहे. धाराशिव शहरापासून तेर फार लांब नाही. हे प्राचीन काळचे तगर, ज्याच्या व्यापाराचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या सागरप्रवासाच्या पुस्तकात आहे. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून, नांगरटीत, पावसाने वाहून गेलेल्या मातीत लोकांना खापराचे तुकडे, मणी, भाजलेल्या मातीच्या बाहुल्या सापडत. बहुतेकांच्या लेखी तो कचरा. त्याच गावचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी तो वेचला, जपला. त्यांच्या संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तेथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिची तुलना विद्वान करतात. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी टाकून दिलेल्या खापरांनी आपल्या जिल्ह्याला जगाच्या इतिहासात जागा दिली. मुलांनी सहलीला तेथे अवश्य जावे.

शब्दांचेही खापरांसारखेच असते. टाकण्याच्याच अर्थाचे काही मराठी शब्द घ्या. 'रद्द' हा अरबी शब्द, म्हणजे परत फिरवलेले, नाकारलेले. त्यापासूनच आपली 'रद्दी'. 'खारीज' म्हणजे अरबीत बाहेरचे. 'बडतर्फ' हे फारसी 'बर तरफ', म्हणजे बाजूला केलेले. आज गावातला कोणताही मराठी माणूस, मग तो कोणत्याही धर्माचा असो, 'अर्ज खारीज झाला', 'कारकून बडतर्फ झाला' असे सहज बोलतो. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे मराठवाड्याच्या बोलीत असे शब्द अधिकच मुरले. उलट दिशेनेही देवघेव झाली. दखनीत 'ऐसाच', 'वोच' असे जोर देऊन बोलतात, त्यातला 'च' मराठीचा आहे. उत्तरेकडच्या उर्दूत तो नाही. एक इशारा मात्र देतो. उर्दूत 'तर्क करना' म्हणजे सोडून देणे, आणि त्याच मुळातून 'तरका', म्हणजे मृताने मागे सोडलेली मालमत्ता. मराठीतील 'तर्क' संस्कृतातून आलेला, त्याचा अर्थ अनुमान. आवाज एक, शब्द दोन. दोन भाषा जाणणारा मुलगा असा फरक ओळखायला लवकर शिकतो. शब्दाच्या आवाजावर न जाता त्याचा वापर पाहण्याची त्याला सवय लागते, आणि इंग्रजी शिकताना नेमकी तीच सवय लागते.

मराठवाड्यातच याचे एक मोठे उदाहरण घडले आहे. मौलवी अब्दुल हक यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम वर्षानुवर्षे चालवले. दखनीची जुनी हस्तलिखिते अडगळीत पडून होती. शिष्ट लोक त्या भाषेला गावंढळ समजत. अब्दुल हक यांनी ती हस्तलिखिते शोधून, संपादून छापली. आणि याच गृहस्थांच्या संपादनाखाली १९३७ साली मोठा इंग्रजी-उर्दू शब्दकोश तेथूनच प्रसिद्ध झाला. जुनी दखनी जपणारा माणूस आणि इंग्रजीचा कोश करणारा माणूस एकच होता, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. घरची भाषा जपली म्हणून त्यांचे इंग्रजी अडले नाही.

आज पुष्कळ घरांत उलट समजूत दिसते. मुलाला इंग्रजी यायला हवे म्हणून त्याच्याशी घरची भाषा बोलायची नाही, मराठी केवळ परीक्षेपुरती, उर्दू केवळ वाचता आली तर आली. इंग्रजी तर यायलाच हवे, त्याबद्दल माझे दुमत नाही. वैद्यकी असो, अभियांत्रिकी असो, कायदा असो, पुढचे दरवाजे त्या किल्लीने उघडतात. पण नवी किल्ली मिळावी म्हणून जुना जुडगा विहिरीत फेकायचा नसतो. 'घालवून बसला' यातली हळहळ ज्याला कळत नाही, त्याला 'थ्रू अवे'तली हळहळ कशी कळणार? त्याला शब्द येतील, पण शब्दांच्या मागची माणसे दिसणार नाहीत.

आता तिसऱ्या अर्थाबद्दल, 'थ्रोअवे रिमार्क'बद्दल, दोन शब्द. आपण मोठी माणसे मुलांसमोर किती तरी गोष्टी जाता जाता बोलून जातो. 'तुझ्या डोक्यात इंग्रजी शिरायची नाही.' 'आपल्या घरात कोण शिकलंय, तू शिकशील!' 'पोरीच्या जातीला एवढं पुरे.' बोलणारा बोलून जातो आणि दुपारपर्यंत विसरतो. ऐकणारे मूल ते शब्द वर्षानुवर्षे सांभाळून ठेवते. सहज टाकलेला शब्द ज्याच्यावर पडतो त्याला तो सहज वाटत नाही. म्हणून माझी विनंती आहे की घरात अन्न टाकताना जितका विचार आपण करतो, तितका शब्द टाकतानाही करावा. आपल्या घरांत 'इसराफ' हा शब्द लहानपणापासून कानांवर पडतो. तो भाकरी-पाण्यापुरता नाही. मुलाची हिंमत वाया घालवणे हाही इसराफच आहे.

जे वर्ष वाया गेले असे वाटते, त्याबद्दलही सांगतो. दहावीला मुलगा नापास झाला, मुलीची शाळा मध्येच सुटली, कुटुंब ऊसतोडीला गेले आणि मुलांचे नाव पटावरून गेले, म्हणजे सगळे संपले असे नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. शाळेत न जाताही १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीच्या परीक्षेला खासगीरीत्या बसता येते. आपल्या शाळेतील शिक्षकांकडे चौकशी करा. त्यात कमीपणा नाही. गेलेले वर्ष परत येत नाही, पण एक वर्ष गेले म्हणून उरलेली वर्षे त्याच्यामागे फेकून देण्याचे कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, जाताना तुम्हाला एक लहानसा अभ्यास देतो. आज घरी गेल्यावर एका कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात 'थ्रो अवे'ची पाच इंग्रजी वाक्ये लिहा, दर वेळी कर्म बदला : पेपर, मनी, चान्स, टाइम, लाइफ. दुसऱ्या रकान्यात तेच मराठीत लिहा, आणि 'देणे', 'बसणे', 'जाणे', 'टाकणे' यांपैकी कोणते क्रियापद मागे लागते ते पाहा. तिसऱ्या रकान्यातील वाक्ये अम्मीला किंवा दादीला विचारून लिहा. त्या कधी शाळेत गेल्या नसतील, तरी या बाबतीत त्यांचे उत्तर तुमच्या गाइडपेक्षा अचूक असेल. मग तो कागद शाळेत आणून शिक्षकांना दाखवा. जिल्ह्याला कोणी उस्मानाबाद म्हणत मोठे झाले, कोणी २०२३ नंतर धाराशिव लिहायला शिकले. शिकण्याची गरज दोघांनाही सारखीच आहे.

आणि हो, तो कागद जपून ठेवा. रद्दीत घालू नका.